‘धंदा जमत नाही’ म्हणणाऱ्या वाचकाला

सामाजिक उद्योगांसाठीचं, म्हणजे नफ्याआधी समाजाचं भलं पाहणाऱ्या उद्योगांसाठीचं, सरकारी धोरण छोट्या महिला मंडळांना दारातच अडवतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: लेख एकांगी आहे, हिशेबाबद्दल त्यात चकार शब्द नाही, सोशल स्टॉक एक्स्चेंजचा, म्हणजे अशा उद्योगांना आणि संस्थांना पैसा उभारता यावा म्हणून शेअर बाजारात काढलेल्या विभागाचा, मला पत्ता नाही, आणि ‘ज्यांना धंदा जमत नाही तेच असले उद्योग काढतात’. मतभेद जरूर असावेत. पण हे शेवटचं वाक्य ज्या तोऱ्यात लिहिलंत, तो मी खपवून घेणार नाही.

हिशेब चोख हवेत, लेखापरीक्षण वेळेवर व्हावं, हे तुमचं म्हणणं मान्य.

पण धंदा जमत नाही? माझी आई लालबागला खाणावळ चालवायची. गिरणीच्या पाळ्या सांभाळून भाकऱ्या थापायच्या, वाण्याकडून धान्य उधारीवर आणायचं, कामगारांचा पगार झाला की वसुली करायची. कुणाला किती दिवस थांबायचं, कुणाचं ताट कधी बंद करायचं, सगळं तिच्या डोक्यात असे. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि वसुली थांबली. तरी वाण्याचा एक पैसा तिने बुडवला नाही. गिरण्या बंद पडल्या म्हणून तिची खाणावळ बसली. तिची अक्कल काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

अशाच खाणावळवाल्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. त्याआधी १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. देणग्या घ्यायच्या नाहीत, हे तेव्हाच ठरलेलं. तेच आजचं ‘लिज्जत’. यांतल्या कुणाला धंदा जमत नव्हता, तेवढं सांगा.

सोशल स्टॉक एक्स्चेंजची २०१९ च्या अर्थसंकल्पातली घोषणाही मी वाचली आहे आणि शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे २०२२ चे नियमही. त्या नियमांत ना-नफा संस्थेला नोंदणीसाठी आदल्या आर्थिक वर्षात किमान ५० लाखांचा खर्च दाखवावा लागतो. चाळीतल्या मंडळाने तो कुठून आणायचा? उसन्या ८० रुपयांवर सुरू झालेल्या त्या सात जणींनाही हे दार बंदच राहिलं असतं.

एकांगीपणावर मी वाद घालत बसणार नाही. ते वाक्य मागे घ्या, मग धोरणावर हवं तेवढं बोलू.