समच्या वाळूत कॉम्प्रेसर ‘निकामी’ ठरल्याच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय नीट वाचला. तक्रारी चार आहेत. लायटर सॉकेटला टायरमध्ये हवा भरायचं मशीन (कॉम्प्रेसर) लावताच फ्यूज उडाला. मग बॅटरीला लावून चार टायर भरायला तासाच्या वर लागला, त्यात मशीन दोनदा आपोआप बंद पडलं. काट्यावर ३२ पॉइंट (पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) दिसलेली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूरच्या पेट्रोल पंपावर २८ निघाली. आणि या सगळ्याच्या आधी, जैसलमेरजवळच्या समच्या वाळूच्या टेकडीवर वळताना तुमच्या थार गाडीचा डावा पुढचा टायर रिममधून निसटला. ‘फेकून देण्याच्या लायकीचं मशीन, पैसे परत करा’ असा तुमचा शेवट आहे. पैशांचं उत्तर खाली दिलं आहे. आधी टायरबद्दल बोलू, कारण तो प्रश्न जिवाचा आहे.

तुम्ही लिहिलंय की समला पोचताच, दुपारी, तिथल्या गाइडच्या सांगण्यावरून चारही टायर १२ वर आणले. मशीनबरोबर दिलेल्या कार्डावर वाळूसाठी १८ लिहिलं आहे, आणि त्यामागे कारण आहे. ट्यूबलेस टायरची कड रिमला मुख्यतः आतल्या हवेच्या दाबाने चिकटून असते. दाब १५ च्या खाली गेला की ही पकड झपाट्याने ढिली होते. अशा वेळी गाडी उतारावर आडवी वळली, तर वाळू टायरला बाजूने ढकलते आणि कड रिमच्या खोबणीत घसरते. पुढच्या चाकावर स्टिअरिंगचा जोर असतो, म्हणून बहुतेक वेळा पुढचाच टायर जातो.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. तुम्ही जैसलमेरहून हायवेने आलात आणि लगेच हवा सोडली. तेव्हा टायर गरम होते. आतली हवा साधारण ४५ अंशांवर असताना काट्यावर १२ दिसत असेल, तर रात्री ती २५ अंशांवर आली की तोच टायर १० दाखवतो. सकाळी टेकडीवर चढताना तुम्ही १२ वर नव्हे, १० वर चालवत होता. राजस्थानात थंडीच्या दिवसांत रात्रीचा पारा याहूनही खाली जातो, तेव्हा १० देखील उरत नाहीत. म्हणून हायवेवरून उतरल्यावर अर्धा तास थांबून मग हवा सोडावी. तेवढा वेळ नसेल तर २० वर थांबावं.

१८ पुरतात का? पुरतात. ढोबळ हिशोब असा. एका चाकावर ४५० किलो वजन धरलं तर ३२ वर टायर जमिनीला साधारण ३१ चौरस इंच टेकतो आणि १८ वर ५५. टायर रुंदीला फारसा फुगत नाही. तो लांबीला पसरतो, आणि वाळूवर ही लांबीच उपयोगाला येते. १८ वर वेग ४० च्या आत ठेवायचा, चढ सरळ घ्यायचा, ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्यायची. रुतलात तर चाकं फिरवत बसू नका, त्याने गाडी फक्त आणखी खाली जाते. चाकांपुढची वाळू फावड्याने काढा आणि २ पॉइंट हवा आणखी सोडा. १२-१३ हा आकडा फक्त रुतलेली गाडी काढण्यासाठी आहे. तेव्हाही सरळ रेषेत आणि चालण्याच्या वेगाने जायचं, बाहेर आलात की लगेच १८ करायचे. दिवसभर १२ वर फिरायला सांगणारा गाइड कदाचित जुन्या, ट्यूबच्या टायरांच्या जीपचा हिशोब सांगत असेल. खरं तर ट्यूब असली तरी ते धोक्याचंच: कमी हवेत टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो.

एक विनंती आहे, ती कृपया टाळू नका. निसटलेला टायर एका पिकअपवाल्याने परत बसवून दिला आणि त्यावर तुम्ही घरापर्यंत आलात. पुण्यातल्या कुठल्याही चांगल्या टायरवाल्याकडे तो रिममधून काढून आतून बघून घ्या. आत काळी रबराची पूड दिसली, किंवा साइडवॉलच्या आतल्या बाजूला गोल रेघ उमटली असेल, तर टायर कमी हवेत दबून घासला गेलाय. तो बाहेरून नवा दिसेल आणि १०० च्या वेगाला फुटू शकेल. रिमची कड वाकली नाही ना, तेही हात फिरवून पाहायला सांगा.

आता मशीनकडे येऊ. तुम्ही घेतलेलं मॉडेल मिनिटाला ७० लिटरचं आहे आणि ते २५ अँपिअरच्या आसपास करंट घेतं. गाडीतल्या लायटर सॉकेटचा फ्यूज सहसा १० ते १५ अँपिअरचा असतो. म्हणूनच या मशीनला आम्ही लायटरचा प्लग देत नाही, बॅटरीला लावायचे लाल-काळे चिमटे देतो. फोटोत चिमट्यांना जोडलेला लायटर अडॅप्टर दिसतोय, तो बाहेरून घेतलेला आहे. फ्यूज उडाला म्हणजे त्याने आपलं काम केलं. तो उडाला नसता तर डॅशबोर्डमागची वायर तापली असती. मोठा फ्यूज टाकून पुन्हा प्रयत्न करू नका.

तासाभराचा मुद्दा रास्त आहे, कारण इतका वेळ लागायलाच नको. तुमच्या २५५/६५ आर १८ टायरमध्ये सुमारे ६८ लिटर जागा असते. १२ वरून ३२ ला न्यायला साधारण ९० ते ९५ लिटर हवा लागते. बॉक्सवरचे ७० लिटर मोकळ्या तोंडाने मोजलेले असतात. टायरचा दाब समोर आला की प्रत्यक्षात ४५च्या आसपास मिळतात. म्हणजे एका टायरला दोन-सव्वादोन मिनिटं, चार टायरांना नळी हलवण्यासकट पंधरा मिनिटं. याच्या चौपट वेळ लागला तर कुठेतरी हवा गळते आहे किंवा मशीनला पुरेसा करंट मिळत नाहीये.

तुमच्या दुसऱ्या फोटोत दोन गोष्टी दिसतात. एक, डॅशबोर्ड पूर्ण बंद आहे, म्हणजे इंजिन चालू नव्हतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या जवळपास मिळतात. बंद असताना, २५ अँपिअर ओढल्यावर, १२ च्याही खाली. मोटर मंद फिरते, पिस्टनचे फेरे कमी होतात, थंड करणारा पंखाही हळू होतो, आणि करंट मात्र जवळपास तेवढाच राहतो. मशीन तापतं आणि आतला थर्मल स्विच ते बंद करतो. बिघाड झाला म्हणून नव्हे, मोटर जळू नये म्हणून. दुसरं, मशीन बोनेट उघडून थेट गरम इंजिनच्या कव्हरवर ठेवलंय. खालून इंजिनची उष्णता आणि वरून दुपारचं ऊन असताना ते दोनदाच बंद पडलं, हे कमीच. ते सावलीत, गाडीतल्या फूटमॅटवर ठेवायचं. वाळूत थेट ठेवलं तर एअर फिल्टरमधून बारीक कण सिलिंडरमध्ये जातात आणि पिस्टनची रिंग खरवडली जाते. यात तेल नसतं, त्यामुळे खरवडलेली रिंग परत सुधारत नाही.

गळतीची शक्यता व्हॉल्व्हपाशी जास्त. हवा सोडताना सुटलेल्या झोताने वाळू उडते आणि व्हॉल्व्हच्या पिनेवर बसते. नळी जोडण्याआधी पिन नखाने क्षणभर दाबून फूस्स करून घ्यायची, आणि नळीतूनही दोन सेकंद हवा सोडायची. मग पितळी तोंड आटे लागेपर्यंत सरळ फिरवायचं. तिरपं बसलं तर हवा टायरमध्ये कमी आणि बाहेर जास्त जाते, आणि मशीनच्या आवाजात ती गळती ऐकूही येत नाही. थुंकी लावून बुडबुडा बघणं हा पंक्चरवाल्यांचा उपाय अजूनही सगळ्यात खात्रीचा.

३२ आणि २८ चा फरक काट्यातल्या बिघाडाचा नाही. दुपारी उन्हात तापलेल्या टायरमध्ये ३२ भरली. दुसऱ्या पहाटे टायर वीस-पंचवीस अंशांनी थंड होता. दर पाच-सहा अंशांना साधारण १ पॉइंट कमी होतो, त्या ४ मधले बहुतेक तेवढ्यानेच गेले. शिवाय मशीन चालू असताना काटा नळीतला दाब दाखवतो, टायरमधला नाही, त्यामुळे दोन-तीन पॉइंट जास्त दिसतात. आकडा मशीन बंद करून वाचायचा, आणि शेवटचं प्रेशर सकाळी, गाडी हलवण्याआधी, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे लावायचं.

तुम्ही पुढे स्पितीला जाणार असल्याचं लिहिलंय, म्हणून एवढं सांगतो. तिथलं काझा गाव साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे हेच मशीन तेवढीच हवा भरायला दीडपट वेळ घेईल. त्याला खराब समजू नका. पुण्यात भरलेला टायर तिथे काट्यावर चार-साडेचार पॉइंट जास्त दाखवेल, थंडीने त्यातले काही कमी होतील. सकाळी थंड टायरवर बघून जास्तीची सोडा, आणि परत खाली उतरल्यावर आठवणीने भरा. ही भरायची बहुतेक लोक विसरतात.

पैशांबद्दल: मशीन, नळी आणि तो अडॅप्टर घेऊन दुकानात या. तुमच्यासमोर, तुमच्याच गाडीवर, इंजिन चालू ठेवून आणि चिमटे थेट बॅटरीला लावून एक टायर १६ वरून ३२ ला नेऊ. अडीच मिनिटांच्या आत झालं नाही, किंवा मशीन बंद करून वाचलेला काटा आमच्या तपासलेल्या गेजपेक्षा २ पॉइंटांहून जास्त चुकला, तर पूर्ण पैसे त्याच वेळी परत. चाचणीत मशीन पास झालं तरी वाळू गेली असेल म्हणून फिल्टर आणि नळीचं तोंड आम्ही विनामूल्य बदलून देऊ. सोमवारी दुकान बंद असतं. इतर दिवशी सकाळी अकराच्या आत आलात तर टायर थंड असतील आणि आकडे बरोबर मिळतील.