कढई असताना ओटीजी कशाला उघडायचा? – प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की चांगला चालता ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) उघडून त्यात कॉफी भाजायला जाळीचा फिरता ड्रम बसवणं म्हणजे पैसा वाया, शेंगदाणे भाजतो तशी कॉफी कढईतही भाजून होतेच की, ओटीजीत ती भाजत नाही नुसती वाळते आणि चव पावासारखी लागते, वर आग लागायची भीती वेगळीच. यातला चवीचा मुद्दा तुम्ही अगदी बरोबर धरलाय, त्यामुळे त्यावरच जास्त लिहितो.

कढईचं आधी सांगतो. इथिओपियात आजही घरोघरी तव्यासारख्या भांड्यात कॉफी भाजतात, त्यामुळे होत नाही असं मी म्हणणार नाही. पण कॉफीची बी एका बाजूनं सपाट, ती त्याच बाजूवर बसून राहते, तिथं काळा डाग पडतो आणि आत बी कच्चीच. शेंगदाण्याला एवढी उष्णता लागत नाही, कॉफी तडतडायलाच (फर्स्ट क्रॅक म्हणतात तो) बी २०० डिग्रीच्या आसपास जावी लागते आणि तोवर सतत हलती ठेवावी लागते. ओटीजीची मूळ मोटर तंदुरीसाठी असते, मिनिटाला ३-४ फेरे, त्यात काही होत नाही. म्हणून ५०-६० फेऱ्यांची गिअर मोटर, तीही ओव्हनच्या बाहेर, नाहीतर उष्णतेनं जाते. शाफ्ट (ड्रम फिरवणारा दांडा) आणि बुश (तो ज्यात फिरतो ती कडी) आपल्याकडं यंत्रमागाची कामं करणारा कुठलाही लेथवाला नीट करून देतो, सोलापुरात ही मोठी सोय आहे.

आता पावासारखी चव. ती येते भाजणं मधेच रेंगाळलं की. ओटीजीचा थर्मोस्टॅट त्याच्या जवळच्या हवेचं तापमान बघतो, बियांचं नाही, आणि आकडा गाठला की तापणारा रॉड बंद करतो, म्हणजे नेमकं जेव्हा बियांना जोर हवा तेव्हाच उष्णता तुटते. त्यामुळे तुम्ही म्हणता तसं २३० डिग्रीला लावून सोडून चालत नाही, नॉब शेवटपर्यंत ठेवायचा, ओव्हन आधी चांगला तापवायचा आणि पोकळ शाफ्टमधून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आत बियांपर्यंत न्यायचा. दुसरं कारण व्होल्टेज, आणि याकडं कुणी बघतच नाही. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गानुसार बदलते, २३० व्होल्टच्या जागी २०० आले तर १५०० वॅटचा ओव्हन साधारण ११३५ वॅटवर येतो, म्हणजे जवळजवळ पाव ताकद गेली! उन्हाळ्यात संध्याकाळी सगळीकडं कूलर-एसी चालू असताना भाजायला बसलं तर कॉफी वाळणारच की. मी पहाटे भाजतो आणि एका वेळी १५०-२०० ग्रॅमच घेतो. १० ते १२ मिनिटांत फर्स्ट क्रॅक आला पाहिजे, फार लांबला तर बिया कमी करा, ओव्हनला दोष देऊ नका.

आगीची भीती खरी आहे, तिथं मी तुमच्याच बाजूनं आहे. भाजताना बियांची पातळ फोलपटं सुटतात, ती जाळीतून खालच्या रॉडवर पडली की पेटतात. त्यासाठी खालच्या रॉडवर स्टीलचा तिरपा पत्रा ठेवलाय (गॅल्व्हनाइज्ड अजिबात नको, तापलेल्या रॉडजवळ जस्ताचा धूर होऊ शकतो) आणि प्रत्येक घाण्यानंतर ट्रे झाडतो. तरीही पेटलंच तर दार उघडायचं नाही, पाणी मारायचं नाही, बोर्डावरचं बटण बंद करून दार लावलेलंच ठेवायचं. अर्थिंग तपासल्याशिवाय तर या कामाला हातच घालू नका, बॉडीला भोक पाडताना आत वायर कुठून गेलीय ते बघितलं पाहिजे.

पैशाचं म्हणाल तर स्वस्त पडावं म्हणून हे केलंच नाही. आपल्याकडं कन्नड-तेलुगू घरांतून फिल्टर कॉफीची सवय जुनी, चिकमगळूरची कच्ची बी मागवली तर ती कितपत भाजायची हे आपल्या हातात राहतं, मला तेच हवं होतं.

आणि बी कुठली घेऊ विचारलंत, तर सुरुवातीला पीबेरी (फळात दोनऐवजी एकच बी असते ती) घ्या, ती गोल असल्यानं ड्रममध्ये छान लोळते आणि एकसारखी भाजते. भाजून झाली की लगेच चाळणीत टाकून पंख्याखाली ३-४ मिनिटांत गार करा, नाहीतर आतल्या उष्णतेनं ती पुढं भाजतच राहते. नंतर दोन-तीन दिवस तरी थांबा, ताज्या बीत कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, फिल्टरमध्ये पूड नुसती फुगते आणि डिकॉक्शन (कॉफीचा घट्ट अर्क) नीट उतरत नाही.