‘नकाशा उशिरा येतो, बटण उशिरा येतं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

इतक्या सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमच्या तक्रारी तीन आहेत. पान उघडतं, पण नकाशा आणि ‘पैसे भरा’चं बटण मागाहून येतं, जुन्या साइटवर सगळं एकदम दिसायचं. पैसे भरल्यावर ‘बुकिंग झालं’ लगेच येत नाही, चक्र फिरत राहतं. आणि भाच्याने सगळ्या स्क्रिप्टना (पानावरची कामं करणाऱ्या कोडच्या फाइलना) असिंक, म्हणजे ‘या फाइलसाठी पान अडवू नको’ अशी ब्राउझरला सूचना, लावल्यावर पान आणखी चपळ झालं, मग आम्ही ते का केलं नाही? घरगुती निवास चालवणारे बाकीचे लोकही हे वाचतात, म्हणून इथेच सांगतो.

तुमचे पाहुणे पुण्या-मुंबईहून येतात. घरी बसून बुकिंग करताना त्यांच्याकडे नेट छान असतं. पण वाट चुकल्यावर फोन नंबर शोधायला पान उघडतात ते घाट उतरल्यावर, रेंज जेमतेम असते तिथे. जुन्या साइटवर जावास्क्रिप्टच्या (स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहितात तिच्या) सगळ्या फाइल पानाच्या सुरुवातीला, हेडमध्ये, साध्या टॅगने जोडलेल्या होत्या. असा टॅग लागला की ब्राउझर पुढचं पान वाचायचं थांबतो. फाइल उतरवतो, चालवतो आणि मगच पुढे जातो. तोवर स्क्रीन पांढरी. तुमच्या वायफायवर हा वेळ जाणवत नव्हता, पाहुण्याला जाणवायचा. आता खोल्या, दर, जेवण आणि फोन नंबर कुठल्याच स्क्रिप्टसाठी अडत नाहीत. नकाशाची स्क्रिप्ट तर वाचक खाली त्या भागापर्यंत आला की मगच मागवली जाते. गुगल मॅप्सला स्क्रिप्टच्या पत्त्यातच कॉलबॅकचं नाव देता येतं, म्हणजे तयारी झाली की ते आपण ठरवून दिलेला कोडचा तुकडा चालवतं. तोपर्यंत त्या जागी पत्ता आणि साधी लिंक असते, आणि ती स्क्रिप्टविना चालते.

आता असिंकचं. भाच्याची जाण चांगली आहे, आणि पान त्याला चपळ वाटलं हेही खरं. पण असिंक लावलेल्या फाइल ज्या क्रमाने पोहोचतात त्या क्रमाने चालतात, लिहिलेल्या क्रमाने नाही. तुमचं बुकिंगचं कॅलेंडर तारखांच्या एका लायब्ररीवर (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडवर) उभं आहे. कॅलेंडरची फाइल लहान आहे, लायब्ररी मोठी. लहान फाइल आधी पोहोचली की तिला लायब्ररी सापडत नाही, एरर येते आणि कॅलेंडर उघडतच नाही. भाच्याच्या लॅपटॉपवर दोन्ही फाइल आधीच कॅशेमध्ये (ब्राउझरने जपून ठेवलेल्या साठ्यात) असतील, त्यामुळे त्याला बहुतेक वेळा सगळं ठीक दिसेल. पहिल्यांदाच येणाऱ्या पाहुण्याच्या मोबाइलवर ते कधी चालेल, कधी नाही. आणि असा कधीमधी येणारा दोष पकडणं सगळ्यात अवघड. म्हणून आम्ही तिथे डिफर ही दुसरी सूचना वापरली होती. डिफरनेही फाइल पान वाचलं जात असतानाच उतरतात, पण पान वाचून झाल्यावर आणि लिहिलेल्या क्रमानेच चालतात. असिंक आम्ही फक्त भेटी मोजणाऱ्या स्क्रिप्टला लावलं आहे, कारण तिच्यावर दुसरं काहीच अवलंबून नाही.

‘पैसे भरा’चं बटण उशिरा येतं ते आम्ही ठरवून तसं ठेवलं आहे आणि तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं. रेझरपेची (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेची) स्क्रिप्ट उतरली की ऑनलोडचा कॉलबॅक चालतो आणि त्यानंतरच बटण दिसतं. आधी दाखवलं तर पाहुणा दाबणार, काही होणार नाही, पुन्हा दाबणार, आणि पैशाच्या बाबतीत एकदा शंका आली की माणूस दुसरं घर शोधतो. स्क्रिप्ट आली नाही तर ऑनएररचा कॉलबॅक तिथे ‘फोनवर बुकिंग करा’ असं दाखवतो. मात्र कमकुवत नेटवर फाइल अर्ध्यातच अडकून राहते, मग बराच वेळ ना ऑनलोड येतो ना ऑनएरर. त्यासाठी वेगळा टायमर आहे. ठरलेल्या वेळेत काहीच कळलं नाही तरी फोन नंबर पुढे येतो.

चक्र फिरतं त्या वेळी काय चाललेलं असतं ते सांगतो. पैसे भरले की रेझरपे पानावरच्या कॉलबॅकला पेमेंटचा क्रमांक, ऑर्डरचा क्रमांक आणि एक डिजिटल सही (खरेपणाची खूण) देतं. हे सगळं पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये घडतं, आणि ब्राउझरमधल्या गोष्टीत जाणकार माणूस फेरफार करू शकतो. त्यामुळे ती सही आपल्या सर्व्हरवर, आपल्या गुप्त किल्लीने पडताळल्याशिवाय आम्ही ‘बुकिंग झालं’ म्हणत नाही. आणि पैसे गेल्यावर लगेच पाहुण्याचं नेट तुटलं तर? पानावरचा कॉलबॅक चालणारच नाही. अशा वेळी रेझरपेचा सर्व्हर वेबहुकने (आपोआप पाठवलेल्या निरोपाने) थेट आपल्या सर्व्हरला कळवतो आणि खोली त्या पाहुण्याच्या नावावर लागते. गणपतीत किंवा नाताळात एकच खोली दोघांना गेली तर रात्री दारात उभ्या असलेल्या कुटुंबाला तुम्हालाच तोंड द्यावं लागेल, ताई. त्यापुढे हे थोडं थांबणं मला जड वाटत नाही.

मात्र नुसतं चक्र पाहून पाहुणा घाबरू शकतो, हा तुमचा मुद्दा पटला. तिथे ‘पैसे मिळाले का ते तपासत आहोत, पान बंद करू नका’ अशी ओळ घालून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. डिफर परत लावण्याआधी भाच्याशी बोलायला आवडेल. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये वेग मुद्दाम थ्रीजीइतका कमी ठेवून आणि कॅशे बंद करून त्याने पान काही वेळा उघडून पाहावं. कॅलेंडर कुठे अडतं ते त्याला स्वतःला दिसेल, आणि पुढे तोच तुमची साइट सांभाळणार असेल तर आम्हाला आनंदच आहे.