‘गॅरेजच तर आहे’ म्हणून सोलापुरात दोन फुटी पाया खणू नका

गेल्या काही महिन्यांत तो मेसेज मला पाच ग्रुपवर आला. कॉलनीच्या, शाळेतल्या मित्रांच्या, कामावरच्या, आणि शेवटी थेट धाकट्या मेहुण्याकडून, “दाजी, करू या का आपण?” असं विचारत. मेसेजचा मतितार्थ असा: घराच्या बाजूच्या पट्ट्यात गाडीसाठी गॅरेज बांधायला ना इंजिनिअर लागतो, ना महापालिकेची परवानगी. वर मजला चढवायचा नाही, तेव्हा पाया दोन फूट पुरे. घराची एक भिंत आयतीच मिळते, म्हणून तीनच बांधायच्या. सळईचं काम व्हिडिओ बघून जमतं. चार रविवारांत काम उरकतं आणि खर्च निम्म्यावर येतो.

मेहुण्याला फोनवर अर्धा-पाऊण तास जे सांगितलं तेच इथे लिहितो. मी गवंडी नाही, इंजिनिअरही नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांच्या देखभालीचं काम करतो. वेल्डिंग-फिटिंग हातात आहे. जुळे सोलापुरात घराला लागून मी स्वतः गॅरेज बांधलं, ते पाडावं लागलं, आणि पुन्हा बांधलं. त्यामुळे हौशी माणसाने बांधकामाला हातच लावू नये, असं मी म्हणणार नाही. पण या मेसेजमुळे कुणाच्या तरी डोक्यावर स्लॅब येईल अशी मला खरोखर भीती वाटते.

आधी पाया, कारण सगळं तिथेच बिघडतं. वर मजला नाही म्हणून दोन फूट पुरे, हा हिशेब मुरमाड जमिनीवर एक वेळ चालेल. आपल्याकडे जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, या बऱ्याच भागात आधी शेतं होती. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात रानातल्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. आणि इथे मेसेजचं गणित बरोबर उलटं पडतं. दोन मजली घराचं वजन या मातीला थोडंफार तरी दाबून धरतं. गॅरेजची हलकी भिंत ती सहज वर उचलते, आणि उन्हाळ्यात तिच्याखालून आकसून जाते. म्हणजे बांधकाम हलकं, तर पायाची काळजी जास्त.

मी पहिल्यांदा दोन फूटच खणलं होतं. डिसेंबर होता. तळाची माती इतकी टणक की कुदळ उडायची. मला वाटलं, कठीण लागलं. ते कठीण नव्हतं, नुसतं वाळलेलं होतं. पुढच्या सप्टेंबरात, म्हणजे आपल्याकडे पाऊस खरा पडतो तेव्हा, शटरच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. मी भेगेच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीने खुणा करून तारखा लिहिल्या, आणि भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली. दिवाळीनंतर पट्टी मधोमध तडकली. मार्चमध्ये भेगेत रुपयाचं नाणं उभं जायचं, पुढच्या पावसाळ्यात जाईना. जी भेग ऋतूप्रमाणे उघडते आणि मिटते तिच्यात सिमेंट भरून काही होत नाही, कारण खालची जमीनच हलत असते. दोन पावसाळे तारखा लिहिल्यावर मी ती भिंत उतरवली.

दुसऱ्यांदा खणलं तेव्हा मुरूम सव्वापाच फुटांवर लागला. चार घरं सोडून एकाला तो नऊ फुटांवर लागला होता. म्हणून शेजाऱ्याच्या पायावरून आपला पाया ठरवू नका. आधी एका कोपऱ्यात खड्डा घ्या, काळी माती संपेपर्यंत. माती फारच खोल असेल तर सगळा चर खणण्यापेक्षा तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत घेतात, त्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. त्यांच्यावर जोत्याच्या पातळीला आडवा काँक्रीटचा बीम (प्लिंथ बीम) टाकायचा, आणि बीमच्या खाली माती फुगायला थोडी मोकळीक ठेवायची. हे मापं देऊन ठरवणं इंजिनिअरचं काम आहे. माती किती फुगते हे बघायची तपासणीही साधी असते: चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मापी नळ्यांत घेतात, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. त्या दोन उंचींतला फरक म्हणजे तुमच्या जमिनीचा स्वभाव.

आणखी एक. खणून काढलेली काळी माती बाजूला ढीग घालून पडलेली असते, आणि जोत्यात भराव करताना तीच परत ढकलायचा मोह होतो. तसं केलं की वरचा कोबा दोन वर्षांत उठतो. भराव मुरमाचा घाला, सहा ते आठ इंचांचे थर करून, प्रत्येक थरावर पाणी मारून, धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट बसवून. हे काम हौशी माणूस मजुरापेक्षा चांगलं करतो, कारण त्याला संध्याकाळी दुसऱ्या साइटवर जायचं नसतं.

आता ती ‘आयती भिंत’. जुनं घर पंधरा-वीस वर्षांत जमिनीत बसायचं तेवढं बसलेलं असतं. नवं बांधकाम आता कुठे बसायला लागणार. मेसेज सांगतो तसं जुन्या भिंतीत दात काढून नव्या विटा गुंतवल्या, किंवा नवा स्लॅब जुन्या भिंतीत खाच पाडून टेकवला, की एक हलतं आणि दुसरं धरून ठेवतं. मग तुटतं ते बहुतेक जुन्या घराच्या बाजूने. माझ्या पहिल्या गॅरेजमुळे आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जी भेग पडली ती आजही आहे.

नवं बांधकाम आपल्याच खांबांवर, आपल्याच पायावर उभं राहिलं पाहिजे. जुन्या भिंतीपासून साधारण इंचभर फट ठेवायची, फटीत थर्माकोल किंवा डांबरी बोर्ड भरायचा, आणि वरून पत्र्याची पट्टी फक्त एका बाजूला पक्की करायची म्हणजे दुसरी बाजू सरकायला मोकळी राहते. मी पट्टी जुन्या घराच्या बाजूला ठोकली आणि गॅरेजच्या स्लॅबवर नुसती वाकवून सोडली. जुन्या घराला खेटून खणतानाही जपा. त्याच्या पायाच्या खाली एका दमात पूर्ण लांबीचा चर घेतला तर भिंतीचा आधारच निघून जातो. तीन-चार फुटांचा तुकडा घ्या, तो भरा, मग पुढचा. काम लांबतं, पण ते लांबलेलंच बरं.

कंपाउंडच्या भिंतीचा वापर करून तिसरी भिंतही वाचवा, असं मेसेजच्या एका आवृत्तीत आहे. कंपाउंड कशावर उभं आहे ते एकदा उकरून बघा. बहुतेकांना नावापुरता पाया असतो, आणि पुष्कळदा ती भिंत निम्मी शेजाऱ्याची असते.

बाजूच्या पट्ट्यात आणखी काय काय असतं, हेही मेसेजवाल्याच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. आपल्या घरांना त्याच पट्ट्यात संडासाची टाकी, ड्रेनेजचे चेंबर, बोअर, कधी पाण्याचा हौद असतो. टाकीवरची शहाबादी फरशी माणसाचं वजन पेलते. तीवरून गाडी घालू नका. आधी टाकी कुठे आहे ते कागदावर काढा, झाकण उघडता येईल असं ठेवा, आणि तिचा हवेचा पाइप गॅरेजच्या छताखाली कोंडू नका.

स्लॅबचं काम व्हिडिओ बघून जमतं, हा मुद्दा मला सगळ्यांत धोकादायक वाटतो. दहा फूट बाय अठरा फुटांचा पाच इंची स्लॅब घ्या. ओलं काँक्रीट घनमीटरला साधारण अडीच टन धरलं तर हे वजन पाच टनांच्या पुढे जातं. पहिले काही दिवस ते सगळं सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट पक्कं होईपर्यंत धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या साच्याच्या, टेकूंवर असतं. टेकू सैल जमिनीवर, विटांच्या चवडीवर उभे केले आणि एक घसरला, तर खाली कोण उभं आहे एवढाच प्रश्न उरतो.

सळईची चूक तर बाहेरून दिसतही नाही. स्लॅब दोन बीमांच्या मध्ये असेल तर मुख्य सळई खालच्या अंगाला. पण शटरसमोर पुढे काढलेला छज्जा एकाच बाजूला धरलेला असतो, तिथे ताण वरून येतो, म्हणून मुख्य सळई वरच्या अंगाला हवी. दुसऱ्या वेळी मी सळई बांधायला जाणता मिस्त्री घेतला होता, साठीचा माणूस. काँक्रीट ओतताना घमेली घेऊन पोरं छज्ज्याच्या जाळीवरून ये-जा करत होती. मिस्त्रीने हात वर करून काम थांबवलं, ओल्या काँक्रीटमध्ये हात घालून सळी चाचपली. ती दबून तळाला टेकली होती. त्याने आकड्याने ती वर ओढली, खाली सळईच्याच वाकवलेल्या खुर्च्या सरकवल्या, आणि म्हणाला, “दादा, ही अशी ऱ्हायली असती तर आज कळलं नसतं. सेंटरिंग काढल्यावर कळलं असतं.” व्हिडिओत छज्ज्याची सळी वर असते हे दाखवतात. ओतताना ती पायाखाली दबते, हे साइटवर उभ्या असलेल्या जाणत्यालाच कळतं.

पाण्याचंही तसंच. सिमेंटच्या पन्नास किलोच्या एका पोत्याला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी, त्यातही वाळू ओली असेल तर कमी. हाताने कालवताना माल जड लागतो, मग बादलीभर जास्त पाणी घातलं की तो छान सरकतो, आणि तेवढाच कच्चा राहतो.

इंजिनिअर नको म्हणणाऱ्यांना आणखी एक आठवण करून देतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी भूकंपाने हादरली तेव्हा गणेश विसर्जन आटपून झोपलेलं सोलापूरही जागं झालं होतं. किल्लारीतली ती घरं एकमजलीच होती. जड दगडी भिंती एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या, म्हणून माणसं गेली. शटरसाठी एक बाजू जवळजवळ पूर्ण उघडी ठेवलेल्या खोलीला खांब, बीम आणि दार-खिडकीच्या वरून जाणारा लिंटलचा पट्टा नीट लागतो, मग ती खोली गाडीची असो की माणसांची.

परवानगीबद्दल. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आली, आणि तिथूनच ‘परवानगी लागत नाही’ हे अर्धवट पसरलं. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी प्रक्रिया सोपी केली आहे: परवानाधारक व्यक्तीने सही केलेले नकाशे आणि शुल्क भरायचं, ती पावतीच परवानगी धरली जाते. म्हणजे नकाशा लागतो, सही लागते, आणि बाजूला सोडायचं अंतरही सोडावंच लागतं. शिवाय ते १५० चौरस मीटर भूखंडाचे आहेत, बांधकामाचे नव्हेत. परवानगीशिवाय बांधलं तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली पाडायची नोटीस येऊ शकते. आणि ज्या पट्ट्यात आपण हे करतो तो बहुतेक नकाशावर मोकळा दाखवलेलाच पट्टा असतो.

पत्र्याचं केलं तर हे सगळं टळतं का? पाया आणि परवानगी टळत नाही. वजन कमी होतं हे खरं, पण वळवाच्या वादळात वारा उघड्या तोंडातून आत शिरून पत्रा खालून उचलतो. खांबांना बेस प्लेट आणि काँक्रीटमध्ये गाडलेले बोल्ट हवेत. पत्र्यावर ठेवलेले दगड म्हणजे बांधणी नव्हे.

चार रविवारांचं तर बोलायलाच नको. सिमेंटला रविवार कळत नाही. कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी हवं, राखमिश्रित पीपीसी सिमेंट असेल तर चौदा. बीमखालचे टेकू चौदा दिवसांच्या आत काढायचे नाहीत. आणि आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, म्हणून पाण्याची सोय काम सुरू करायच्या आधी करावी लागते. मी स्लॅबवर मातीचे वाफे घालून पाणी साठवलं, आणि खांबांना जुन्या, विटलेल्या सोलापुरी चादरी गुंडाळून दिवसातून चारदा भिजवल्या. त्या गोणपाटापेक्षा जास्त वेळ ओल धरतात. ओतायचं काम मार्चनंतर गेलं तर पहाटे सुरू करा.

खर्च निम्म्यावर आला का? माझा नाही आला. मुरूम, सेंटरिंगचं भाडं, टँकर, राडारोडा उचलणं, यातलं काहीच मेसेजच्या हिशेबात नाही. मजुरीतला जो पैसा वाचला तो खोदाई, भराव, विटा भिजवणं, पाणी मारणं, वायरिंगचे पाइप, शटरची चौकट, गिलावा, रंग, एवढी कामं मी आणि थोरल्या मुलाने केल्यामुळे वाचला. ती कामं खुशाल स्वतः करा. पायाची खोली, सळई आणि टेकू यांवर पैसे देऊन जाणत्याची नजर घ्या.

मेहुण्याने मागच्या रविवारी बाळे भागातल्या त्याच्या घरी कोपऱ्यात खड्डा घेतला. संध्याकाळी फोटो पाठवला: आत टेप सोडलेली, साडेचार फूट, तळाला अजून काळीच माती. मी त्याला एवढंच लिहिलं, “अजून खण.”