झेंडा पनामाचा, खलाशी आपले

'निर्जीव जहाजाला कसला आलाय देश, नुसती बोलायची पद्धत' हे एका लेखकाचं म्हणणं काही पटलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारात कलम ९१ आहे. ज्या देशाचा झेंडा लावायचा हक्क, त्या देशाचं राष्ट्रीयत्व, असं सरळ लिहिलंय. विमानांचंही तेच, १९४४ चा शिकागो करार. जळगाव विमानतळावर आपल्या विमानांवर 'व्हीटी' दिसतं ना, ती भारताची खूण.

गंमत पुढे आहे. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं 'एव्हर गिव्हन' जहाज घ्या. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, खलाशी भारतीय आणि झेंडा पनामाचा! देश आणि जहाज यांच्यात 'खरा संबंध' हवा, असंही कलम ९१ म्हणतं. पण तपासतो कोण? मंगोलियाला समुद्रच नाही, तरी जहाजं नोंदवतो. आपल्याकडे नागालँड पासिंगच्या ट्रॅव्हल्स धुळ्याहून पुण्याला सुटतात, त्यातलाच प्रकार.

फरक एवढाच, की बसला काही झालं तर पोलीस ठाणं इथलंच. भर समुद्रात मात्र, मोजके अपवाद सोडले तर, अधिकार झेंड्याच्या देशाचा. मग डेकवर काम करणारा पोरगा भुसावळचा का असेना.