हे परदेशी चोचले नव्हेत

ठाण्यात वसंतविहारला राहणारी माझी मावसबहीण लोकांनी टाकलेले गिनीपिग घरी आणते, बरे करते आणि चांगलं घर बघून देऊन टाकते. परवा त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावरून चांगलीच जुंपली. एक काका म्हणाले, इथे माणसांचे हाल कुत्रं खात नाही, त्यात हे परदेशी चोचले कशाला? दुसऱ्यांनी स्वित्झर्लंडचा दाखला देऊन तसाच कायदा इथे हवा म्हटलं. मी झुरिकला राहते, म्हणून ताईने ते सगळं मला पाठवलं.

कायदा आहे खरा. गिनीपिग कळपाने राहणारा प्राणी, म्हणून 2008 पासून इथे तो एकटा पाळता येत नाही. जोडीतला एक गेला की मागे राहिलेल्याला सोबत म्हणून आपला गिनीपिग काही काळ देणारी माणसंही इथे आहेत. पण मुलांची हौस फिटली की नकोसे होणारे गिनीपिग इथेही आहेतच. आणि आपल्याकडे तरी कायदा कुठे नाही? 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, 2018 चे पेट शॉपचे नियम आहेत, दुकानाची नोंदणी सक्तीची आहे. घोडं अडतं ते गल्ल्यापाशी. पिंजरा आणि दाण्यांचं पाकीट हातात पडतं, बाकी कुणी काही सांगत नाही.

ताईने नुकताच आणलेला एक मला व्हिडिओ कॉलवर दाखवला. नखं वळून पंजाखाली गेलेली, पोटाखालचे केस चिकटून गठ्ठा झालेला. पुढ्यात पोळीचा तुकडा, पण दात इतके वाढलेले की तो त्याला तोडता येईना. या प्राण्याचे दात जन्मभर वाढतात. ते झिजायला सुकं गवत सतत समोर लागतं. आपल्यासारखंच त्याच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते मिळालं नाही तर सांधे सुजतात, तो चालेनासा होतो. त्यासाठी रोज ढोबळी मिरचीची एक मोठी फोड पुरते, आणि ती कुठल्याही भाजीवाल्याकडे मिळते. मे महिन्यातली ठाण्याची बाल्कनी मात्र त्याचा जीव घेऊ शकते. अमॉक्सिसिलिनसारखं साधं औषध पोटात गेलं तरी तेच, म्हणून डॉक्टरही जाणकार हवा. त्यात ‘दोन्ही माद्याच आहेत’ म्हणून दिलेल्या जोडीत एक नर निघतो. मादी साधारण दोन महिन्यांत विते आणि विल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. मग खोक्यात भरून गेटापाशी सोडलेली पिल्लं ताईच्या दारात येतात.

त्या काकांना मला सांगायचंय, हा जीव अँडीजच्या डोंगरांतून आपल्या पायांनी ठाण्यात आलेला नाही. पैसे मोजून आपणच आणलाय.

ताई नर-मादी तपासून घेतल्याशिवाय कुणाला देत नाही, एकटा तर नाहीच नाही. मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून कुणी मागितला तर तोंडावर नाही म्हणते. तिने मराठीत एक पानी माहिती लिहून काढली आहे आणि विक्रीबरोबर ती द्या म्हणून दुकानादुकानांत हिंडते आहे. ग्रुपवर स्विस कायदा मागणाऱ्यांनी त्या पानाच्या प्रती काढून आपापल्या भागातल्या दुकानात नेऊन द्याव्यात.