गाडी भंगारात देऊ नका

सदोष मोटरसायकलमुळे जखमी झालेल्यांना कशाच्या आधारावर दावा करता येतो, हे लेखात छान सांगितलंय: रचनेतला दोष, उत्पादनातला दोष किंवा धोक्याची सूचनाच न देणं. पण पुराव्यावर जेमतेम एक ओळ आहे, आणि माझ्या मते खरी लढाई तिथेच असते.

जखमी माणूस सांगतो, ब्रेक लागलाच नाही, पुढचं चाक अचानक जाम झालं. कंपनी म्हणते, चालवणाऱ्याची चूक, नाहीतर देखभाल नव्हती. अशा वेळी गाडीच बोलते. तुटलेल्या भागाचा पृष्ठभाग पाहून तज्ज्ञाला बरेचदा कळतं, तडा आधीपासून हळूहळू वाढत होता की धडकेतच तो भाग एका झटक्यात मोडला. आणि घरचे, डोळ्यांसमोर नको म्हणून, तीच गाडी विकून टाकतात! कृपया नका करू असं. दुरुस्तीही नको, तुटलेला तुकडा पुसूही नका. सर्व्हिसच्या पावत्या, रिकॉलची (दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावल्याची) नोटीस, सगळं जपून ठेवा.

‘तो सुटा भाग आमचा नव्हताच’ ही कंपन्यांची सबब तर फार जुनी. ब्यूक या अमेरिकन मोटार कंपनीविरुद्धच्या ‘मॅकफर्सन विरुद्ध ब्यूक’ खटल्यात मोटारीच्या चाकाचे लाकडी आरे मोडून मालक जखमी झाला होता. चाक ब्यूकने बाहेरून घेतलेलं, गाडी विकलेली विक्रेत्याने. तरी १९१६ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने जबाबदार धरलं ते ब्यूकलाच.

दाव्याला मुदत असते. माणूस रुग्णालयात असेल तर घरच्यांनी ती वकिलाला लगेच विचारावी.